राईनपाडा, १ जुलै २०१८ : स्वस्त संदेश, जमाव आणि ग्रामपंचायतीची खोली

धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, पिंपळनेर पोलीस ठाण्याच्या हद्दीत राईनपाडा हे आदिवासी वस्तीचे गाव आहे. १ जुलै २०१८ ला रविवार होता, म्हणजे तिथल्या आठवडे बाजाराचा दिवस. सकाळी एसटीतून पाच अनोळखी माणसे उतरली. त्यांतला एक जण लहान मुलीशी बोलत होता, एवढ्यावरून बाजारात हाकाटी झाली की मुले पळवणारी टोळी आली. जमावाने पाचही जणांना मारत ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेले, खोलीत कोंडले आणि तिथेच त्यांचा जीव घेतला. खबर मिळून जे थोडे पोलीस पोचले, त्यांच्यावरही हल्ला झाला. मारहाण चालू असताना मोबाईलवर चित्रण झाले आणि ते चित्रणही त्याच दिवशी फिरू लागले.

मारले गेलेले पाचही जण नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. महाराष्ट्रात हा समाज भटक्या जमाती (ब) या प्रवर्गात मोडतो. गावोगाव भिक्षा मागणे हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. त्यांतले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले. पिंपळनेरला पाल ठोकून ते आसपासच्या गावांत फिरत होते.

या घटनेवर तेव्हा पुष्कळ लिहिले गेले आणि बहुतेकांनी दोन कारणांवर बोट ठेवले : व्हॉट्सअॅप आणि अज्ञान. दोन्हींत तथ्य आहे, पण तेवढ्याने ही घटना उलगडत नाही. अफवा त्या महिन्यात शेकडो गावांत होती आणि अनोळखी माणसे रोज कुठल्या ना कुठल्या गावात उतरत होती. तरी बहुतेक ठिकाणी कोणाचा जीव गेला नाही. म्हणून या प्रकरणात तपासायचे ते हे : ऐकणे आणि हात उचलणे यांच्या मधे गावात जी एक पायरी असते, ती त्या दिवशी कुठे गेली?

संदेश कसा बनलेला होता

२०१८ च्या उन्हाळ्यात देशभर फिरलेल्या व्हिडिओंपैकी एकात मोटारसायकलवरचे दोघे गल्लीत खेळणारे मूल उचलून पळतात. हा व्हिडिओ पाकिस्तानातला, कराचीतल्या रोशनी हेल्पलाइन या संस्थेच्या जनजागृतीसाठी केलेला. मूळ चित्रफितीत ते दोघे मूल परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात : कराचीच्या रस्त्यावरून मूल पळवायला एक क्षण पुरतो. भारतात फिरलेल्या प्रतीत हा शेवट कापलेला होता. म्हणजे पालकांनी मुलांवर लक्ष ठेवावे म्हणून केलेली फीत, शेपूट छाटल्यावर प्रत्यक्ष गुन्ह्याचा पुरावा बनली. सीरियातल्या २०१३ च्या रासायनिक हल्ल्यात मेलेल्या मुलांचे छायाचित्रही अवयवचोरीचा पुरावा म्हणून फिरत होते.

अशा संदेशाचे भाग ठरलेले असतात. एक दृश्य, ज्यावर तारीख नाही आणि ठिकाण नाही. खाली मजकूर, ज्यात गावाचे किंवा तालुक्याचे नाव प्रत्येक टप्प्यावर बदलता येते. ‘पोलिसांनी कळवले आहे’ असे एक उसने वाक्य. टोळीचा ठोकळ आकडा. संशयिताचे असे वर्णन, की कोणताही फिरस्ता त्यात बसावा : भिकारी, फेरीवाला, साधू, बुरखेवाली बाई, परप्रांतीय. शेवटी आज्ञा, की आपल्या सर्व ग्रुपवर टाका. यातला सर्वांत घातक भाग म्हणजे ते वर्णन. ‘बाहेरचा माणूस’ एवढ्यावर ज्याची ओळख पटते, असा आरोपी कुठेही सापडतो.

भीती मात्र हवेतून आलेली नव्हती. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत २०१६ साली मुलांच्या अपहरणाचे सुमारे ५५ हजार गुन्हे आहेत. त्यात घरातून निघून गेलेली, ओळखीच्याबरोबर गेलेली मुलेमुलीही मोठ्या संख्येने येतात. तरीही हरवलेले मूल सापडले नाही, पोलीस ठाण्यात तक्रार नीट घेतली नाही, असा अनुभव ज्या भागात ताजा असतो तिथे हा व्हिडिओ लगेच पटतो. लोकांना मूर्ख ठरवून सुरू झालेला कोणताही जागृती कार्यक्रम इथेच फसतो. आईबापांची काळजी खरी मानूनच बोलायला सुरुवात करावी लागते.

स्वस्ताईचे गणित

दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या आकडेवारीप्रमाणे मोबाईल डेटाचा सरासरी दर २०१४ मध्ये एका जीबीला २६९ रुपये होता. २०१८ मध्ये तो ११ रुपये ७८ पैशांवर आला. याच काळात एका ग्राहकाचा महिन्याचा सरासरी वापर पाव जीबीच्या आसपास होता तो साडेसात जीबीच्या पुढे गेला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर ही घसरण सर्वांत वेगाने झाली. पहिल्यांदाच हातात आलेला फोन, पहिलेच इंटरनेट आणि त्यावर पाहिलेले पहिले काही व्हिडिओ, असा क्रम लाखो घरांत एका-दोन वर्षांत घडला. छापील वर्तमानपत्र आणि त्यातली खरी-खोटी बातमी ओळखायची सवय यांची पिढी मधे झालीच नाही.

दर कोसळला की संदेश पाठवण्याचा खर्च जवळजवळ शून्य होतो. पडताळण्याचा खर्च मात्र तोच राहतो. ठाण्याला फोन करायचा, कोणी उचलेल याची वाट पाहायची, नाव सांगायचे, उलट प्रश्न ऐकायचे. पाठवायला एक सेकंद आणि खात्री करायला अर्धा तास, अशी वजने तराजूत पडली की काय होणार हे ठरलेलेच आहे.

त्या वेळी व्हॉट्सअॅपच्या ग्रुपची मर्यादा २५६ सदस्यांची होती. पाच ग्रुपवर टाकलेला संदेश एका दमात सुमारे १,२८० फोनवर जातो. त्यांतल्या शंभरात एकाने जरी तो पुढे पाच ग्रुपवर टाकला, तरी दुसऱ्या टप्प्यात आकडा १६ हजारांच्या वर जातो. ग्रुपमध्ये नावे पुन्हा पुन्हा येतात, म्हणून प्रत्यक्ष माणसे कमी असतील. पण तीच गोष्ट चार ग्रुपवरून चार जणांनी पाठवली की ऐकणाऱ्याला ती चार वेगळ्या साक्षी वाटतात. उगम एकच आहे हे त्याला दिसत नाही. सार्वजनिक निर्णयबुद्धीला सर्वांत मोठी इजा इथे होते. खोटी गोष्ट ऐकण्यापेक्षाही ती सगळ्यांना ठाऊक आहे असे वाटणे जमाव उभा करते, कारण मग हात उचलणाऱ्याला आपण एकटे नाही याची हमी मिळते.

थांबा म्हणणारा कोण होता

गावात बातमी येण्याची जुनी वाट पाहा. कोतवाल दवंडी देई. दवंडी कोणाच्या हुकमाने, हे सगळ्यांना ठाऊक असे आणि चुकीची निघाली तर जाब कोणाला विचारायचा हेही. पोलीस पाटलाचे काम तर कायद्यात लिहिलेले आहे : महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ नुसार सार्वजनिक शांततेला बाधा आणणारी माहिती गोळा करून ठाण्याला कळवणे आणि गावात गुन्हा होऊ न देणे. ही व्यवस्था निर्दोष नव्हती. जातीचा आणि वतनाचा दाब तिच्यावर होताच आणि भटक्यांना त्या काळीही संशयानेच पाहिले जाई. पण तिच्यात बातमी आणि जबाबदार माणूस एकत्र येत.

फॉरवर्डने ही जोडी तोडली. संदेश काकांनी, मेहुण्याने, शाळेतल्या मित्राने पाठवलेला असतो, म्हणून त्याला नात्याचा भरवसा मिळतो. पण त्यांतला कोणीही ‘मी पाहिले’ असे म्हणत नाही, म्हणून जाब कोणालाच विचारता येत नाही. भरवसा ओळखीच्याचा आणि जबाबदारी कोणाचीच नाही, हे मिश्रण पूर्वीच्या कुठल्याही अफवेत इतक्या प्रमाणात नव्हते.

अधिकाराचे दुसरे नुकसान वेळेचे आहे. पोलीस पाटलाला, सरपंचाला, ग्रामसेवकाला ती अफवा गावकऱ्यांबरोबरच, त्याच ग्रुपवर, त्याच मिनिटाला मिळाली. आधी कळणे हा अधिकाराचा निम्मा आधार असतो आणि तो गेला. आता त्यांना विचारले तर ‘ठाण्याला विचारून सांगतो’ एवढेच म्हणता येते आणि उत्तराला लागणारा वेळ लोकांना लपवाछपवी वाटतो. उशिरा आलेला खुलासा खरा असूनही हरतो.

म्हणून हत्येची जागा महत्त्वाची आहे. ग्रामपंचायतीचे कार्यालय हे गावातले राज्यसंस्थेचे घर. जमावाने त्या पाच जणांना तिथे नेले. या कृतीत न्यायनिवाडा करण्याचा आविर्भाव होता : पकडले, कचेरीत आणले, जाब विचारला, शिक्षा दिली. जमाव स्वतःला कायद्याबाहेरचा समजत नव्हता. ओस पडलेल्या अधिकाराच्या खुर्चीत आपणच बसलो आहोत असे तो वागला. खोली बंद असल्यामुळे दोन गोष्टी झाल्या. आतल्यांना पळता आले नाही आणि बाहेरच्या शेकडो लोकांना आत नेमके काय चालले आहे हे न दिसताच त्यात सामील होता आले. संशयिताला बंद खोलीत ठेवणे सुरक्षित, ही समजूत गावोगाव आहे. दारावर जमावाला अडवू शकेल असा माणूस नसेल, तर तीच खोली सापळा ठरते.

नोंद होते, पण गावात पोचत नाही

भटक्या समाजांतली माणसे नव्या मुलखात पाल टाकताना अनेकदा आधी पोलीस ठाण्यात जाऊन नावे आणि ओळखपत्राच्या प्रती देतात. चोरी झाली की पहिला संशय आपल्यावर येतो, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ही नोंद ठाण्याच्या कपाटात राहते. ती हद्दीतल्या तीस-चाळीस गावांच्या पोलीस पाटलांना त्याच दिवशी कळवण्याची ठरलेली पद्धत बहुतेक ठिकाणी नाही. म्हणजे खोटी माहिती फोनवरून सेकंदात फिरते आणि खरी माहिती वहीत बसून राहते.

ओळखपत्राचा भाबडा भरवसाही सोडायला हवा. आधार कार्डाने नाव कळते, हेतू कळत नाही. चिडलेल्या जमावाला ते बनावट वाटते. जमावाला पटतो तो त्याच्या ओळखीचा माणूस. ‘हे लोक मंगळवेढ्याचे, आठ दिवसांपासून पिंपळनेरला आहेत, ठाण्यात नोंद आहे’ असे पोलीस पाटील पहिल्या पाच मिनिटांत बाजारात म्हणू शकला तर त्याचे वजन पडते. त्यासाठी ती माहिती आदल्या दिवशी त्याच्या फोनवर असावी लागते.

त्याच काळातली इतर ठिकाणे

त्याच १ जुलैच्या रात्री मालेगावात लहान मूल बरोबर असलेल्या पाच जणांना जमावाने घेरले. तिथे स्थानिक माणसांनी त्यांना घरात आसरा दिला, पोलीस लवकर आले आणि जमाव वाढूनही, पोलिसांच्या गाडीची नासधूस होऊनही, पाचही जण वाचले. अफवा तीच होती. फरक इतकाच की जमाव आणि दार यांच्या मधे उभी राहणारी माणसे पहिल्या काही मिनिटांत तिथे होती आणि कुमक जवळ होती. मालेगाव शहर आहे. पिंपळनेरसारख्या ठाण्याला डोंगराळ हद्दीत तेवढ्या वेळात तेवढे मनुष्यबळ नेता येत नाही. हा दोष कोणा एका शिपायाचा नाही.

त्रिपुरात २८ जूनला याहून विदारक घडले. अफवा खोट्या आहेत हे भोंग्यावरून सांगत फिरण्यासाठी सरकारी खात्याने नेमलेल्या माणसालाच सबरूम भागात जमावाने मारले. अनोळखी गाडी, अनोळखी माणूस, भोंगा : खुलासा घेऊन आलेला माणूस स्वतःच त्या वर्णनात बसत होता. ज्या गावाने त्याला पूर्वी कधी पाहिले नाही, त्या गावात सरकारच्या नावाचा कागद कामाला येत नाही. कर्नाटकात बीदर जिल्ह्यात १३ जुलैला मुलांना चॉकलेट देणाऱ्या प्रवाशांचे चित्रण त्यांची गाडी पोचण्याआधीच पुढच्या मुरकी गावात पोचले, रस्ता अडवला गेला आणि हैदराबादचा एक तरुण अभियंता मारला गेला.

उलट उदाहरण तेलंगणातले. जोगुळांबा गदवाल आणि वनपर्ती भागात पोलीस अधीक्षक रेमा राजेश्वरी यांनी सुमारे ४०० गावांसाठी गावनिहाय पोलीस नेमले. त्यांनी आधीपासून गावात जाऊन लोकांशी ओळख केली, गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर स्वतः राहिले आणि डफावर गाणाऱ्या लोककलाकारांकरवी लोकांच्या बोलीत ही गोष्ट सांगितली. शेजारी मुलखांत माणसे मारली जात असताना तिथे अफवेपायी कोणाचा जीव गेला नाही. खुलाशाचा मजकूर सगळीकडे सारखाच होता. इथे तो देणारा माणूस अफवेच्या आधी ओळखीचा झालेला होता, आणि आमच्या मते यशाचे कारण हेच.

कंपनीने आणि न्यायालयाने काय केले

राईनपाड्यानंतर केंद्र सरकारने व्हॉट्सअॅप कंपनीला जाब विचारला. १० जुलैला संदेशावर ‘फॉरवर्डेड’ ही खूण आली, वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती आल्या. त्याच महिन्यात भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा आली. जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. ७ एप्रिल २०२० पासून, पुष्कळदा पुढे गेलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. अशा संदेशांचे प्रमाण त्यामुळे ७० टक्क्यांनी घटले, असे कंपनीने सांगितले.

हे उपाय योग्यच होते, पण त्यांच्या फटी समजून घ्याव्यात. संदेश कूटबद्ध असल्याने कंपनीला मजकूर दिसत नाही. संदेशाबरोबर फक्त तो किती टप्पे फिरला याची मोजणी जाते. मजकूर कॉपी करून नव्याने चिकटवला, किंवा व्हिडिओ उतरवून गॅलरीतून पुन्हा पाठवला, की मोजणी शून्यापासून सुरू होते आणि खूणही नाहीशी होते. शिवाय अफवा ज्या क्षणी फोनमधून बाजारात उतरते, त्यानंतर तिला फोन लागतच नाही.

याचा पुरावा लवकरच मिळाला. एका ठिकाणाची मर्यादा लागू होऊन नऊ दिवस झाले होते. १६ एप्रिल २०२०, पालघर जिल्ह्यातले गडचिंचले. टाळेबंदीत गावे स्वतःच रात्रीचा पहारा देत होती, चोर आणि मुले पळवणारे फिरत असल्याची वदंता होती आणि जमावाने दोन साधू व त्यांचा चालक अशा तिघांना पोलिसांच्या देखत मारले. त्याच परिसरात दोन दिवस आधी मदतकार्याला गेलेल्या डॉक्टरांच्या पथकावर हल्ला झाला होता. ही स्पष्ट पूर्वसूचना होती आणि तिथे थांबून गावागावांत बोलायला हवे होते.

सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०१८ ला जमावहत्यांविषयीच्या तहसीन पूनावाला प्रकरणात जे निर्देश दिले त्यांत रोजच्या कामाच्या दृष्टीने महत्त्वाचे असे : प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षकापेक्षा कमी नाही अशा दर्जाचा नोडल (समन्वय पाहणारा) अधिकारी, गेल्या पाच वर्षांत अशा घटना घडलेल्या भागांची यादी, ठाणेदार आणि गुप्तवार्ता शाखा यांच्याबरोबर त्याची महिन्यातून किमान एक बैठक, खटला शक्यतो सहा महिन्यांत निकाली, आणि कुचराई करणाऱ्या अधिकाऱ्यावर कारवाई. यातली यादीची कलमे घटना घडून गेलेल्या गावांकडे पाहतात. अफवेचा धोका मात्र जिथे पूर्वी काहीच घडले नाही अशा गावात अधिक, कारण तिथे कोणी तयारीत नसते. बैठकीत म्हणून यादीपेक्षा त्या आठवड्यात हद्दीत कोणते संदेश फिरत आहेत हे विचारले जावे आणि त्याचे उत्तर पोलीस पाटलांकडून यावे.

ठाण्याच्या आणि गावाच्या पातळीवर

खुलासा लिहिताना नेहमी होणारी चूक म्हणजे ‘मुले पळवणारी टोळी’ हे शब्द मोठ्या अक्षरांत वर देणे आणि ‘अफवा आहे’ हे खाली. कोणीतरी वरचा अर्धा भाग कापून पुढे पाठवतो आणि पोलिसांचा शिक्का अफवेलाच बसतो. पहिल्या ओळीत खरी स्थिती लिहावी : अमुक ठाण्याच्या हद्दीत या महिन्यात मूल पळवल्याची एकही तक्रार नाही. तक्रार असेल तर तीही लपवू नये. किती, आणि तपास कुठवर आला ते सांगावे, कारण एक लपवलेली घटना उघड झाली की पुढचे दहा खुलासे वाया जातात. प्रत्येक चित्रावर तारीख, ठाण्याचे नाव आणि अधिकाऱ्याचे नाव आडवे छापावे, म्हणजे कापले तरी उरेल. त्याहून चांगला चाळीस सेकंदांचा ध्वनिसंदेश, बीट अंमलदाराच्या (त्या गावांची जबाबदारी असलेल्या पोलिसाच्या) स्वतःच्या आवाजात आणि तिथल्या बोलीत. साक्रीच्या पश्चिम भागात अहिराणी, कोकणा आणि भिली बोलणाऱ्यांना कार्यालयीन मराठी परकी वाटते.

स्वस्त संदेशाचे साधन जबाबदारीने वापरता येते, याचे आपल्याकडचे उदाहरण ग्राम सुरक्षा यंत्रणेचे. एका टोल फ्री क्रमांकावर गावकऱ्याने फोन केला की त्याचाच आवाज परिसरातल्या नोंदणी केलेल्या सर्व फोनवर एकाच वेळी जातो. मात्र बोलणाऱ्याने आधी स्वतःचे नाव सांगायचे असते आणि नियमाबाहेरचा संदेश पुढे जात नाही. वेग फॉरवर्डइतकाच, पण सांगणाऱ्याचे नाव त्याला चिकटलेले.

आठवडे बाजाराच्या दिवशी धोका वाढतो, कारण चार-पाच गावांची माणसे एकमेकांना न ओळखता एकत्र आलेली असतात आणि कोण कोणाचे ऐकेल हे ठरलेले नसते. त्या दिवसासाठी दोन माणसे नेमून ठेवावीत : एक पोलीस पाटील किंवा त्याचा बदली माणूस, दुसरा ज्याचे शेजारच्या गावांतले लोकही ऐकतात असा, शिक्षक, दुकानदार, भगत कोणीही. संशयिताभोवती पाच-दहा जण जमले असतानाच हस्तक्षेप करावा लागतो. शंभर झाल्यावर शब्द ऐकू जात नाही. संशयिताला बाजारापासून दूर न्यावे, वाहन मिळाले तर थेट ठाण्याच्या दिशेने. खोलीत ठेवणे भागच पडले तर दुसरे दार असलेली खोली निवडावी आणि दारात गावातल्या बायकांना उभे करावे. त्यांच्यावर हात उचलायला जमाव कचरतो. ठाण्याला फोन एकाने नाही, तिघांनी करावा आणि स्पीकरवर ठेवून अधिकाऱ्याचा आवाज समोरच्यांना ऐकवावा. ‘हे निर्दोष आहेत’ असा वाद घालू नये, तो जमावासमोर जिंकता येत नाही. ‘पोलीस येईपर्यंत कोणी हात लावायचा नाही, नावे लिहून घेतली आहेत’ एवढेच ठाम सांगावे. जमाव चेहरा हरवल्याने धीट होतो, म्हणून समोरच्यांना नावाने हाका माराव्यात.

चित्रण करणारे फोन जप्त करण्याची घाई जमावाच्या मधे करू नये, पण चित्रण पुसले जाणार नाही हे पाहावे. राईनपाड्यात दुसऱ्या दिवसापर्यंत २३ जणांना अटक झाली, त्यात फिरत्या चित्रफितींची मदत झाली.

१ जुलै २०२४ ला लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३ (२) मध्ये पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात, भाषा, जन्मस्थान, व्यक्तिगत श्रद्धा अशा किंवा तत्सम कारणावरून केलेल्या हत्येला मृत्युदंड किंवा जन्मठेप आहे. अफवेवरून झालेली हत्या त्यांतल्या कोणत्या कारणात बसवायची, हे प्रत्येक खटल्यात सिद्ध करावे लागेल. म्हणून तपास अधिकाऱ्याने मारहाणीच्या पुराव्याबरोबरच संदेशाची साखळीही पहिल्याच दिवशी गोळा करावी : कोणत्या ग्रुपवर, किती वाजता, कोणत्या वर्णनासह, आणि त्या वर्णनात जमात, पेहराव किंवा भाषेचा उल्लेख होता का. फोन आठवडाभर हातात राहू दिला तर यातले काहीच उरत नाही.